गोजरबाईचा जोंधळा

राधाकृष्ण औटीच्या हातून आयुष्यात चुका काही कमी झाल्या नाहीत. लग्न उशिरा केलं, बढतीच्या ऐन वेळी वरच्या साहेबाशी भांडला, पारनेरातली घराची जागा नको तेव्हा विकली. या सगळ्या चुका तो चारचौघांत हसत सांगतो. एक मात्र सांगत नाही. ज्वारीच्या भाकरीचा पहिला घास तोंडात गेला की तो क्षणभर चावायचा थांबतो. बायको विचारते, खडा लागला का? तो मान हलवतो आणि पुढे जेवायला लागतो.

ही बहात्तर सालची गोष्ट. नगर-पुणे रस्ता सोडून आत सहा मैलांवर ज्वारीचं एक संशोधन केंद्र होतं. केंद्र म्हणजे पत्र्याच्या चार खोल्या, एक विहीर आणि चाळीस एकर रान. राधाकृष्ण तिथे नवा होता. वय एकतीस, घरचा शेतकरी, पुण्यात शिकलेला आणि वर मुंबईच्या एका प्रयोगशाळेत दोन वर्षं काढून आलेला. असा माणूस माळावर येऊन काहीतरी अचाट करणार अशी सगळ्यांची अपेक्षा होती. त्याने आल्या आल्या बटाट्याचं पीठ शिजवायला घेतलं.

मजुरांची करमणूक झाली. "सायेब खीर करत्यात," असं मुकादम भिमाजी सगळ्यांना सांगत सुटला. खीर ती नव्हतीच. शिजून नितळ झालेलं ते पीठ राधाकृष्ण काचेच्या तबकात ओतायचा. ते वडीसारखं थिजलं की त्यात चिरा पाडून ज्वारीच्या पानांच्या रसात भिजवलेले कागदाचे कपटे उभे करायचा, खाली बर्फ ठेवायचा आणि तबकातून वीज सोडायचा. बर्फ नगरहून भुशात गुंडाळून एस.टी.च्या टपावरून यायचा आणि येईपर्यंत निम्मा व्हायचा. वीज कधी जाईल याचा नेम नसायचा. पण सगळं जमून आलं आणि ती वडी रंगाच्या पाण्यात बुडवली, तर तिच्यावर काळपट रेघा उमटायच्या. एकेक रेघ म्हणजे पानातलं एकेक प्रथिन, आणि त्या प्रथिनामागे ते बनवायला सांगणारं जनुक.

रोपातल्या प्रत्येक पेशीत जनुकं सगळी असतात, पण सगळी रोज कामाला लागत नाहीत. घरात पितळेची मोठी पातेली असतात, ती रोज कुठे निघतात? कार्य असलं की निघतात. तसं एखादं जनुक वर्षानुवर्षं गप्प असतं आणि त्याची वेळ आली की कामाला लागतं. ज्वारी तहानली की जागं होईल असं जनुक राधाकृष्णला हवं होतं. केंद्रातली साठ-सत्तर वाणं त्याने तपासली, एकातही तशी रेघ दिसली नाही.

मग सप्टेंबरात गोजरबाई फडकं घेऊन आली.

गोजरबाई केंद्रावर पाणी वाहायची. पंचावन्नच्या पुढची, नवरा कधीच गेलेला, पारनेरकडच्या कोरड्या अंगाला पाच एकर माळ. विहिरीवरून सावलीतला रांजण भरायचा आणि रानात मजुरांना तांब्या द्यायचा, हे तिचं काम. ती फारशी बोलायची नाही. त्या दिवशी मात्र ती दारात उभी राहिली आणि लाल काठाच्या जुन्या लुगड्याचं गाठोडं तिने टेबलावर ठेवलं.

"ह्यो माज्या म्हायारचा जोंधळा, सायेब," ती म्हणाली. तिच्याकडे ज्वारीला जोंधळाच म्हणतात. "आईनं वटीत घातला हुता. दर साली पेरते. समदं रान वाळून जातं, ह्यो हिरवा उभा ऱ्हातो. दानं थोडं देतो, पर देतो."

"मग मला कशाला देता?"

"घरी ऱ्हायला तर आमी खाऊन टाकू. औंदा पाऊस न्हाई, रानात वल न्हाई, पेरनी तर हुतच न्हाई. सून रोज म्हंती, दळा. तिचं बी खरंच हाय. पर सरकारच्या डब्याला कुनी हात लावत न्हाई. तुमच्या डब्यात ठिवा. पाऊस झाला की त्यातला मूठभर माजा मला द्या, बाकीचा तुमचा."

राधाकृष्णने फडक्यासकट बी डब्यात ठेवलं आणि डब्यावर चिठ्ठी चिकटवली, 'गो-१'. मूठभर परत द्यायचं तेही कबूल केलं. कबूल करताना त्याचं लक्ष दुसरीकडे होतं, कारण ओंजळभर दाणे त्याने आधीच बाजूला काढले होते.

डालड्याच्या डब्यांत त्याने गो-१ची आणि केंद्राच्या नेहमीच्या वाणाची रोपं वाढवली. पंधरा दिवसांची झाल्यावर निम्म्यांना आठ दिवस थेंबभर पाणी दिलं नाही. मग पानांचा रस तबकात लावला, आणि त्या दिवशी देवाच्या कृपेने वीज गेली नाही. केंद्राच्या वाणाची जागा मोकळी होती. शेजारी गो-१च्या जागी बोटाएवढी ठसठशीत काळी रेघ उमटली होती. पाणी दिलेल्या गो-१मध्ये ती नव्हती, तहानलेल्यात होती. त्याने तीन वेळा करून पाहिलं, तीनही वेळा तेच. तिसऱ्यांदा तो ओलं तबक हातात घेऊन अंगणात धावला. रांजणापाशी गोजरबाई एकटी होती.

"हे बघा! हा तुमचा जोंधळा!"

गोजरबाईने पदराला हात पुसले, वाकून पाहिलं. "येवढाच?" ती म्हणाली.

केंद्राचे प्रमुख आबासाहेब जुने, रानात पाय मळवलेले गृहस्थ. त्यांनी चष्मा कपाळावर सारून तबक पाहिलं. "औटी, काचेवरची रेघ कोण खातं? रानात दाखवा. रानात दिसली, तर मी स्वतः पुण्याला घेऊन जातो तुम्हाला."

राधाकृष्णला तीन जागी प्रयोग लावायचा होता. तसा लावायचाच असतो, म्हणजे एका जागेची चूक दुसरीत पकडली जाते. पण विहीर तळाला गेली होती. पेरणीपुरती ओल करायला एका पट्टीचंच पाणी मिळालं. त्याच पट्टीत चार ओळी गो-१च्या आणि शेजारी चार ओळी केंद्राच्या वाणाच्या; केंद्राच्या ओळींवर पांढरी पाटी. पेरणीनंतर पाणी नाही. तहान लागू द्यायची आणि कोण तगतं ते पाहायचं.

रोपं टीचभर झाली तेव्हा गोजरबाई बांधावर आली. "ह्यास्नी पानी कवा देनार?"

"देणार नाही."

"मरतील की वं!"

"मरू देत."

"का वं, सायेब?"

सांगायला कितीसा वेळ लागला असता? पितळेच्या पातेल्यांची गोष्ट तिला कुणाहीपेक्षा लवकर कळली असती. पण तेवढ्यात दुष्काळी कामावरची जीप आली होती, कारण केंद्रातल्या तरण्या लोकांना त्या वर्षी तलावाच्या आणि खडी फोडण्याच्या कामांवर हजेरी तपासायला जुंपलं होतं. राधाकृष्ण घाईत होता, आणि थोडा शिकलेलाही होता. "ते तुम्हाला नाही कळायचं, गोजरबाई. तुम्ही रांजण भरा. आणि भिमाजी, या पट्टीत पाटाचं पाणी येता कामा नये, सांगून ठेवतो." एवढं बोलून तो जीपमध्ये बसला.

पुढचे तीन महिने तो आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, पट्टी बघायला यायचा. रान भेगाळलं होतं, भेगेत मनगट जाईल इतकं. गो-१ उभी होती, बारीक पण हिरवी. मात्र शेजारची पांढऱ्या पाटीची ज्वारीसुद्धा हिरवी होती, उलट जास्तच तरारलेली. त्याला नवल वाटलं. त्याच्या वहीत त्या दिवसांतलं एक टिपण आहे: 'केंद्राच्या वाणाखाली भेगा अरुंद.' ते लिहून त्याने भिमाजीला हाक मारली.

"पाटाचं पाणी सोडलं होतं का?"

"आईची आन, सायेब. पाटाला थेंब न्हाई, सोडतो कशातनं?"

भिमाजी खरंच बोलत होता. राधाकृष्णने वही मिटली. एक प्रश्न आणखी विचारायचा राहिला, आणि तो ज्या बाईला विचारायचा, ती पन्नास पावलांवर हंडा घासत होती.

जानेवारीत त्याने दोन्हीकडची पानं खुडून तबकात लावली. गो-१मध्ये रेघ होती, शेजारच्यात नव्हती. पण रेघेवाली बारीक आणि बिनरेघेची जोमदार, मग त्या रेघेचं करायचं काय? फेब्रुवारीत कणसं खुडली, मळली, तोलली. गोजरबाईच्या चार ओळींतून सव्वादोन किलो निघाली. शेजारच्या चार ओळींतून पावणेपाच. मोजणीच्या दिवशी नेमके पुण्याहून दोन पाहुणे आले होते. आबासाहेब त्यांच्यासमोर हसले. दुष्टपणाने नव्हे, जाणता माणूस हसतो तसं. "औटी, तुमच्या रेघेला तहान कळते खरी, पण पिकायचं कळत नाही!" पाहुणेही हसले. राधाकृष्णही हसला आणि आतून जळून गेला.

त्याच्या पुण्याच्या गुरुजींनी एक गोष्ट पहिल्याच वर्षी शिकवली होती: टाकलेल्या वाणाचंही मूठभर बी ठेवावं, कारण चूक वाणाची का आपली, हे लगेच कळत नाही. मांडणीवर चार बोटं जागा लागते, दुसरं काही नाही. त्या मार्चमध्ये त्याला ते आठवलं होतं. आठवूनही त्याने केलं नाही. त्याला तो डबा डोळ्यांपुढे नको झाला होता.

त्याच सुमाराला मजूर गाऱ्हाणं घेऊन आले. रेशनवर मिलो मिळायचा, परदेशातली लाल ज्वारी. त्याची भाकरी थापली तर फुटायची आणि खाल्ली तर पोट धरायची. केंद्राच्या कोठारात टाकाऊ वाणांची पांढरी ज्वारी पडून होती. राधाकृष्णने आबासाहेबांची सही आणली, ती सगळी मजुरांना वाटायची ठरवली आणि वहीतल्या गो-१च्या पानावर लिहिलं, 'टाकून द्यावे.'

भिमाजीने गो-१चा डबा दाखवून विचारलं, "ह्या डब्यातलं बी पन घ्यायचं?"

"सगळं. एकत्र करा आणि वाटा."

मूठभर कबूल केल्याचं तो विसरला होता असं म्हणणं खोटं ठरेल. त्याच्या मनात येऊन गेलं, की या हरलेल्या बियाण्याचं तिला काय एवढं? वेळ येईल तेव्हा केंद्राचं चांगलं बी देऊ, म्हातारी खूश होईल. वाटप झालं. दुसऱ्या दिवशी गोजरबाई रांजणापाशी भेटली आणि आपणहून हसली. "भाकरी लई ग्वाड लागली, सायेब." दुष्काळात एक तरी चांगलं काम आपल्या हातून झालं, असं वाटून त्याला बरं वाटलं.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस झाला. जूनमध्ये गोजरबाई काम सोडून आपल्या माळावर गेली, आणि सप्टेंबरात, रब्बीच्या पेरण्या तोंडावर असताना, एका दुपारी परत दारात उभी राहिली. ओच्यात मुगाच्या शेंगा होत्या. त्या तिने टेबलावर ओतल्या.

"रानाला वल झाक आलीया, सायेब. माजा मूठभर द्या."

राधाकृष्णचा बेत ठरलेला होता, केंद्राचं चांगलं बी द्यायचं. तिची समजूत घालावी म्हणून त्याने हसत सुरुवात केली. "देतो की. पण तुमचा जोंधळा हरला बरं का, गोजरबाई. बाजूच्याने दुपटीनं दिलं."

"देनारच की," गोजरबाई म्हणाली. "पानी प्याला त्यो."

"कोण?"

"पांढऱ्या पाटीचा. म्याच पाजलं. सांजला रांजनात पानी उरायचं. शिळं पानी सकाळी कुनी पीत न्हाई, आन त्या सालात ते काय भुईवर फेकायचं? दोन हंडे, रोज, बुडाबुडाशी वतायची. तुमी पाटाचं नगं म्हनला हुता, पाटाला म्या हात न्हाई लावला."

"आणि तुमच्या जोंधळ्याला?" त्याने विचारलं. "त्याला नाही पाजलं?"

"त्याला कशाला? त्याला सवय हाय. त्यो मागत न्हाई. ते बाजूचं पोरकं, पानं गुंडाळून रडत हुतं. बगवंना मला."

राधाकृष्ण खुर्चीत बसला. रोज दोन हंडे पिऊन त्या वाणाने पावणेपाच किलो दिलं होतं. आणि गो-१ने थेंब न पिता, मनगट जाणाऱ्या भेगांमध्ये उभं राहून, सव्वादोन. रेघ खरी होती. त्या सालच्या रानात पाण्याशिवाय दाणा धरणारी ती एकच ज्वारी होती, आणि ती त्याने दळायला दिली होती.

"मला सांगितलं नाहीत तुम्ही," तो पुटपुटला.

"तुमी इच्यारलं कुटं?" गोजरबाईने सहज म्हटलं. त्याच्या बोलण्यात तिला राग जाणवलाच नव्हता. "पर मला ठाव हुतं, माजं बी तुमी सांबाळनार. मार्चात तुमी वाटला न्हवं का? पयल्या घासालाच म्या वळखला. सुनंला म्हनलं, बग, सायबानी येवढा पिकवला, की वाटून उरला. मग म्या निवांत झाले. म्हायारी तर आता कुनाकडंच न्हाई. समद्यांनी खाल्ला."

आता तरी खरं सांगावं, असं त्याला वाटलं. तोंडही उघडलं होतं त्याने. पण त्या बाईच्या चेहऱ्यावर एवढा विश्वास होता, की त्याच्या जिभेने दगा दिला. "बसा, आणतो," म्हणत तो कोठारात गेला.

'गो-१'चा डबा मांडणीवर तसाच होता. त्याने झाकण काढलं. तळाला लाल काठाचं फडकं घडी होऊन पडलं होतं, भिमाजीने बी ओतून घेतलं आणि फडकं परत टाकलं होतं. राधाकृष्णने ते झटकलं. शिवणीत, गाठीच्या सुरकुत्यांत बोट फिरवून पाहिलं. एक दाणा नव्हता. मग शेजारचा, केंद्राच्या वाणाचा पांढऱ्या चिठ्ठीचा डबा त्याने उघडला, चार मुठी भरून फडक्यात घातल्या आणि गाठ मारली.

गोजरबाईने गाठ सोडली, दाणे तळहातावर घेतले, एक दाताखाली धरून फोडला. थोडा वेळ ती चघळत राहिली.

"ह्यो न्हवं, सायेब."

"हाच आहे."

"ह्याला गोडी न्हाई."

"गोजरबाई, हाच आहे. डब्यावर तुमचं नाव होतं. फडकं बघा ना."

तिने फडकं उलटंसुलटं केलं, काठावरून बोट फिरवलं. आईच्या लुगड्याचा काठ होता, तो काही खोटं बोलणार नव्हता. तिने आणखी एक दाणा चावला आणि मान हलवली. "फडकं तर माजंच हाय," ती म्हणाली. "मग माजीच जीभ बिघडली आसंल. सालभर त्यो मिलो खाल्ला, आनखी काय हुनार." गाठ मारून तिने बी पदरात घेतलं. "पिकला की हुरड्याला या."

पारनेरची गाडी केंद्राजवळच्या फाट्यावर यायला पाऊण तास होता. तेवढ्या वेळात तो चालत जाऊनही तिला गाठू शकला असता. तो टेबलापाशी बसून मुगाच्या शेंगा सोलत राहिला, आणि गाडी गेल्याचा आवाज आल्यावर उठला.

पुढच्या महिन्यात तो तिच्या माहेरी गेला, घरोघर विचारलं. कणग्या रिकाम्या होत्या. एका म्हातारीने सांगितलं, होता तसला जोंधळा, गोजराच्या आईकडे चांगला होता. आबासाहेबांना त्याने सगळं सांगितलं. ते या वेळी हसले नाहीत. पुढे बरीच वर्षं त्याने खेड्यापाड्यांतली ज्वारी आणून तबकं लावली. तसली रेघ पुन्हा उमटली नाही.

जानेवारीत गोजरबाईचा सांगावा आला, हुरड्याला या म्हणून. राधाकृष्णने कामाचं निमित्त सांगितलं. भिमाजी मात्र जाऊन आला आणि दुसऱ्या दिवशी पिशवीभर हुरडा टेबलावर ठेवून म्हणाला, "मावशीनं खास तुमच्यासाटी धाडलाय. औंदा लई झाक पिकलाय तिचा. पर बिचारी सवता खात न्हाई."

"का?"

"म्हंती, माज्या आईच्या जोंधळ्याची चव मला आता लागत न्हाई. माजी जीभ काय परत आली न्हाई. सायबास्नी इच्यार, म्हनली, त्यास्नी तरी लागती का."

राधाकृष्णने मूठभर हुरडा तोंडात घातला. भिमाजी उत्तरासाठी थांबला होता.

"लागते म्हणावं," तो म्हणाला.